रविवारची कोंबडी आणि झाकणावरचं पाणी

रविवारी घरात कोंबडी शिजायची म्हटली की तो दिवस सगळ्यांच्या सुट्टीचा आणि आपल्या मात्र दुप्पट कामाचा! चहा-नाश्ता उरकला की कांदे भाजा, खोबरं भाजा, तीळ-खसखस भाजा, आलं-लसूण-कोथिंबीर वाटा. मिक्सर आल्यापासून पाट्यावरचे हात वाचले खरे, पण ओट्याशी उभं राहणं काही वाचलं नाही. मसाला तेल सोडेपर्यंत परता, भाकऱ्या थापा, मग ताटं मांडा. सगळ्यांची जेवणं होऊन आपण बसतो तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, मान असते, फार तर पंखाचा एखादा तुकडा. “मला रस्साच आवडतो,” असं आपणच म्हणतो. आणि वर्षानुवर्षं म्हणत राहिलं की घरच्यांना ते खरंही वाटू लागतं!

आज जो पदार्थ सांगणार आहे, त्याने या दोन्ही गोष्टींना थोडा उतार पडेल. एक तर यात वाटण नाही. झाकण ठेवलं की पाऊण तास पातेलं आपलं काम करतं आणि आपण बसू शकतो. दुसरं म्हणजे यात तुकडे मोठे असतात आणि ते मोजून वाढायचे असतात. मोजताना आपलाही तुकडा धरायचा असतो. त्याविषयी पुढे बोलूच.

हल्ली मुलं मोबाइलवर परदेशी पदार्थ पाहतात आणि आपल्यापुढे धरतात, “आई, हे कर ना!” टोमॅटोच्या दाट रसात कोंबडीचे मोठे तुकडे, त्यात हिरवी-काळी ऑलिव्हची फळं, वर लिंबाची फोड. खाली नाव असतं ‘मेडिटरेनियन ब्रेझ्ड चिकन’. नाव वाचूनच निम्म्या जणींना वाटतं, हे काही आपल्या ओट्यावर व्हायचं नाही. ऑलिव्ह कुठून आणायचे? वाइन घरात कशी आणायची? भट्टी कुठे आहे आपल्याकडे? पण जरा थांबा. या नावाची साल काढली, की आतला गर चांगलाच ओळखीचा निघतो.

मेडिटरेनियन म्हणजे भूमध्य समुद्र. त्याच्या वरच्या अंगाला स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस; उगवतीला तुर्कस्तान आणि लेबनॉन; खालच्या अंगाला मोरोक्कोपासून इजिप्तपर्यंतचा आफ्रिकेचा किनारा. प्रत्येक ठिकाणची कोंबडी वेगळी. ग्रीसमधल्या बायका टोमॅटोत दालचिनी घालून शिजवतात आणि त्याला ‘कोक्किनिस्तो’ म्हणतात. अर्थ एवढाच, की ‘लाल केलेलं’. इटलीत ‘काच्चातोरा’ करतात, म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीचं. मोरोक्कोत उंच टोपीसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात, मिठात मुरलेलं लिंबू आणि ऑलिव्ह घालून शिजवतात. त्या भांड्याचं नाव ताजीन आणि पदार्थाचंही नाव ताजीनच.

आता ‘ब्रेझ’ म्हणजे काय? मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे निखारे. भांडं निखाऱ्यांत ठेवायचं, झाकणावरही निखारे घालायचे आणि आतला पदार्थ वरून-खालून मंद आंचेवर शिजू द्यायचा. म्हणजे आपला ‘दम’ की हो! आणि आपल्या आज्यांची आणखी एक युक्ती असे: झाकणाऐवजी खोलगट ताट ठेवायचं आणि त्यात पाणी घालायचं. आतली वाफ ताटाला लागून गार होते, थेंब होऊन पुन्हा पदार्थावर पडते. पदार्थ कोरडा पडत नाही, बुडाला लागत नाही. वर ताटातलं पाणी गरम होतं, तेच लागेल तसं रश्श्यात घालता येतं. मोरोक्कोच्या उंच झाकणातही वाफ अशीच परतून खाली येते. तेव्हा भांडी दोन, विचार एकच.

जमिनीचंही तसंच. आमची सांगवी बारामती-फलटण रस्त्यावरची, नीरेच्या काठची. हा सगळा मुलूख मुळात कमी पावसाचा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास खेळू लागलं, म्हणून ऊस दिसतो. कालव्यापासून जरा लांब गेलं की द्राक्षं आणि डाळिंबं. शेजारच्या पुरंदरात अंजिरं. द्राक्ष, डाळिंब, अंजीर ही भूमध्य समुद्राकाठचीही जुनी फळं! त्यांच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात, पण कोरडी हवा आणि कडक ऊन या झाडांना दोन्हीकडे मिळतं.

आणि कोंबडी? ती तर आपल्याच बाजूने तिकडे गेली. रानकोंबडी आशियाच्या आग्नेय भागात माणसाळली आणि फिरत फिरत पश्चिमेला पोचली. जुने ग्रीक लोक तिला ‘पर्शियन पक्षी’ म्हणत, म्हणजे पूर्वेकडून आलेली पाहुणी. उलट टोमॅटो दोघांनाही परका. तो अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला. इटलीत टोमॅटोच्या सॉसची कृती १६९० च्या दशकात नेपल्समध्ये छापली गेली, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून! तेव्हा कोणी ‘हे आपलं नाही’ म्हणून नाक मुरडलं, तर त्यांना सांगा की तांबड्या रश्श्यातली मिरचीसुद्धा त्याच अमेरिकेतून आली आहे.

आपल्या किनाऱ्यावर तर ही ओळख चारशे वर्षांहून जुनी आहे. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले. वसईत ते १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. त्यांच्याकडचा एक पदार्थ होता, ‘वाइन-लसणातलं मांस’ अशा अर्थाच्या नावाचा. गोव्यातल्या बायकांनी वाइनच्या जागी माडाचा व्हिनेगर घातला, मिरची-मसाला घातला आणि त्याचं विंदालू झालं. बघा, परक्या पदार्थातली न मिळणारी वस्तू सोडून द्यायची आणि तिचं काम करणारी घरची वस्तू घालायची, ही रीत आपल्याकडे नवी नाही. आज आपण तेच करणार आहोत.

*कोणाच्या जागी काय?*

ऑलिव्हचं तेल: महाग आहे. त्यात पदार्थ परतायची काही गरज नाही. शेंगदाण्याचं तेल उत्तम. घरात ऑलिव्हचं तेल असलंच, तर शेवटी एक चमचा कच्चंच वरून घाला. त्याचा वास तेव्हाच कळतो.

ऑलिव्ह: शहरातल्या मोठ्या दुकानात बाटलीत मिळतात. मिळाले आणि परवडले तर १०-१२ घाला. नाहीतर त्यांचं काम काय, ते पाहा. खारट आणि किंचित कडवट चव, एवढंच. ते काम आपलं मिठातलं लिंबू करतं. आजारी माणसाला पेजेबरोबर देतो, ते बिनतेलाचं, मिठात मुरलेलं लिंबू प्रत्येक घरात बरणीच्या तळाशी असतंच. मोरोक्कोच्या बायका हेच लिंबू कोंबडीत घालतात. बरणी नसेल तर ताज्या लिंबाची पिवळी साल किसून घ्या. पांढरा भाग नको, तो फार कडू.

ओरेगानो, थाइम: या तिकडच्या वाळवलेल्या पाल्याच्या पुड्या. ज्यांच्या दारात कुंडीत पानओवा आहे, त्यांना पुडी नको. ज्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो, तीच दोन पानं बारीक चिरून घाला. पानओव्याच्या आणि ओरेगानोच्या वासात एकच द्रव्य असतं. आपल्या ओव्यात आणि थाइममध्येही थायमॉल नावाचं एकच द्रव्य आहे. पानं नसतील तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. चिमूटभरच हं, नाहीतर कोंबडीला पोटदुखीच्या औषधाचा वास यायचा!

वाइन: ती अट सोडूनच द्या. शिजवल्यावर तिच्यातलं मद्य सगळं उडून जातं, असं म्हणतात, ते खरं नाही. तासभर शिजूनही थोडा अंश राहतो. घरात लहान मुलं असतात, न घेणारी माणसं असतात. वाइनने येतो तो आंबटगोडपणा टोमॅटो आणि गुळाच्या खड्याने आणता येतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. तेव्हा मूठभर आंबटसर हिरवी द्राक्षं स्वच्छ धुऊन, अर्धी चिरून शेवटची दहा मिनिटं घाला. फार छान लागतात.

इथे एक इशारा देते, विशेषतः बागाईतदार घरातल्या मैत्रिणींना. लेबनॉन-इराणकडे कच्च्या द्राक्षांचा रस काढून तो स्वयंपाकात आंबट म्हणून वापरतात. हे ऐकून कोणाला वाटेल, आपल्या बागेत विरळणीच्या वेळी हिरव्या मण्यांचा खच पडतो, तोच आणावा. तसं करू नका. त्या वेळी बागेवर औषधांच्या फवारण्या चालू असतात आणि संजीवकात घडही बुडवलेले असतात. औषध मारल्यावर माल काढेपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. विरळणीच्या मण्यांना ते दिवस मिळालेलेच नसतात. फुकटचं आंबट पोरांच्या पोटात घालण्यापेक्षा विकतचं लिंबू बरं.

*साहित्य (५ माणसांसाठी)*

कोंबडी १ किलो, कांदे ३ मध्यम, उभे पातळ चिरून, लालबुंद टोमॅटो अर्धा किलो, लसूण १०-१२ पाकळ्या, नुसत्या ठेचून, तेल ३ मोठे चमचे, कणीक १ मोठा चमचा, दालचिनी बोटाच्या दोन पेरांएवढी, तमालपत्र २, मिरे ८-१०, भरडून, लाल तिखट अर्धा चमचा, मिठातलं लिंबू अर्धं, पानओव्याची २ पानं, गूळ सुपारीएवढा, कोथिंबीर मूठभर, देठासकट, मीठ बेताने.

कोंबडी घेताना दुकानदाराला सांगा, बिर्याणीसाठी करतात तसे मोठे तुकडे हवेत. दोन तंगड्या, दोन मांड्या, छातीचे हाडासकट चार आणि दोन पंख, असे दहा तुकडे होतात. रश्श्यासाठी करतात तसा बारीक चुरा इथे चालत नाही. त्यात हाडांचे कण येतात आणि मांस लवकर कोरडं होतं.

*कृती*

१. तुकड्यांना एक चमचा मीठ आणि भरडलेले मिरे चोळा आणि झाकून फ्रिजमध्ये दोन तास ठेवा. मीठ आत मुरतं आणि मांसात ओल टिकून राहते. वेळ नसेल तर अर्धा तास तरी ठेवाच.

२. करायच्या वेळी तुकडे कागदाने टिपून कोरडे करा आणि वरून कणीक भुरभुरा. आपल्याकडे कातडी काढलेली कोंबडी मिळते. कातडी नसल्यामुळे तिला रंग यायला उशीर लागतो. कणकेमुळे तो लवकर येतो आणि पुढे रसही दाट होतो.

३. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात तेल चांगलं तापवा. एका वेळी चार-पाचच तुकडे घाला. सगळे एकदम कोंबलेत तर पाणी सुटतं आणि ते तळण्याऐवजी उकडू लागतात. एक बाजू तीन-चार मिनिटं हलवू नका. खरपूस तांबूस झाली की उलटा. दोन्ही बाजूंनी रंग आला की ताटात काढा. ते आत कच्चेच असतात, तेव्हा तोंडात टाकायचा मोह नको.

४. आंच मध्यम करून त्याच तेलात कांदा घाला. आठ-दहा मिनिटं परता. तांबूस होऊ लागला की लसूण, दालचिनी, तमालपत्र आणि तिखट घाला.

५. आता चिरलेले टोमॅटो घाला. पातेल्याच्या बुडाला जी खरवड धरलेली असते, ती टोमॅटोच्या पाण्याने सुटते. उलथन्याने खरवडून घ्या. सगळी चव त्या खरवडीत आहे. मात्र ती तांबूस असावी, काळी नव्हे. काळी असेल तर करपली. मग कांदा-टोमॅटो दुसऱ्या पातेल्यात काढणंच शहाणपणाचं. टोमॅटो गळून गेले की गूळ आणि पानओवा घाला.

६. तंगड्या, मांड्या आणि पंख रसात बसवा. कढत पाणी घाला, पण तुकडे निम्मेच बुडतील इतकं. खरी मेख इथेच आहे. बुडवून टाकलेत तर तो साधा रस्सा झाला. निम्मा भाग रसात आणि निम्मा वाफेत, हेच या पद्धतीचं मर्म.

७. ताट ठेवा, ताटात पाणी घाला, आंच अगदी मंद. आत खदखदा उकळी नको. अधूनमधून एखादा बुडबुडा पुरे. पंधरा मिनिटांनी छातीचे तुकडे घाला. छातीचं मांस लवकर शिजतं आणि जास्त शिजलं की दोऱ्यासारखं होतं. मांडी-तंगडीला उलट वेळ द्यावा लागतो, म्हणजे तिच्यातला चिवटपणा विरघळून रसात उतरतो.

८. आणखी वीस-पंचवीस मिनिटांनी पाहा. मांडीला हाडाजवळ सुरी टोचली की पाणी स्वच्छ यायला हवं, गुलाबी नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंशांच्या वर गेलेलं दिसलं पाहिजे. शेवटची दहा मिनिटं मिठातल्या लिंबाची बी काढून सालासकट बारीक चिरून घाला. ऑलिव्ह घालायचे तर तेही आताच. रस पातळ वाटला तर ताट काढून पाच मिनिटं आंच वाढवा. मग चव बघा आणि लागलं तरच मीठ घाला. लिंबात आणि ऑलिव्हमध्ये मीठ भरपूर असतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर पहिल्या चोळण्यालाच हात आखडता घ्या.

९. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच राहू द्या. वर कोथिंबीर घालून वाढा.

*काही शंका, आधीच सांगून टाकते*

“कुकरला लावलं तर?” ब्रॉयलर कोंबडी असेल तर नको. ती पाच-सहा आठवड्यांची कोवळी; कुकरात तिचा लगदा होतो, आणि वाफ कोंडल्यामुळे रस आटत नाही. गावरान कोंबडी असेल तर मात्र तिला पातेल्यात दीड-दोन तास लागतात. गॅस वाचवायचा तर खरपूस केलेले तुकडे थोड्या पाण्यात दोन शिट्ट्या करून घ्या आणि मग टोमॅटोच्या रसात मंद आंचेवर अर्धा तास मुरवा. खरं सांगायचं तर हा प्रकार तिकडे जन्मला तोच अंडी द्यायच्या थांबलेल्या जून कोंबडीसाठी. म्हणून गावरानाला तो जास्तच शोभतो.

“कुठलं पातेलं घेऊ?” आंबट पदार्थ आहे, तेव्हा पितळेचं असेल तर कल्हई ताजी हवी, नाहीतर कळकेल. साध्या अॅल्युमिनियममध्येही टोमॅटो आणि लिंबू इतका वेळ ठेवू नये. जाड बुडाचं स्टील सगळ्यात बरं. बिडाची कढई चालते, पण रस काळपट होतो आणि किंचित लोखंडी चव येते. झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

“हे फिक्कं लागणार नाही का?” ज्यांची जीभ कांदा-लसूण मसाल्यावर वाढली आहे, त्यांना पहिल्या घासाला वाटेल. त्यावर भांडण नको. ताटात बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा वाढा. ज्याला हवं त्याने लावून घ्यावं. मुलं आणि वडीलधारी मंडळी मात्र खूश होतात, कारण पोटात आग नाही. बरोबर ज्वारीची भाकरी द्या किंवा बेकरीतला पाव. तिकडेही हा रस भाकर-तुकड्यानेच निपटून खातात.

“कोंबडी धुवायची की नाही?” न धुता शिजवायची म्हटलं तर सासूबाईंच्या भुवया वर जातील, हे मला माहीत आहे. पण नळाच्या धारेखाली कच्ची कोंबडी धुतली की तिच्यावरचे जंतू थेंबांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवरही उडतात. ते जंतू धुण्याने मरत नाहीत, शिजण्याने मरतात. अगदी धुवायचीच असेल तर भरलेल्या पातेल्यात हलकेच बुडवून काढा, पाणी जपून ओता आणि मोरी साबणाने घासा. हातही साबणाने धुवा. ज्या विळीवर किंवा सुरीने कोंबडी कापली, तिच्यावर न धुता कोशिंबिरीची काकडी कापू नका. धाकट्याच्या जुलाबाचं कारण पुष्कळदा रश्श्यात नसतं, त्या काकडीत असतं.

“उरलं तर?” टोमॅटोचा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. मात्र शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी वाढताना नुसतं कोमट नको, चांगली उकळी येऊ द्या.

“आणि वाराच्या दिवशी?” सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण, शिवाय आषाढात पालखी येते तेव्हा आपल्या भागात बहुतेक घरी सामिष बंद असतं. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बायकांचंही तसंच आहे बरं का! बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरच्या आधीचे दिवस त्यांचे उपवासाचे. त्या दिवशी त्या याच टोमॅटोच्या रसात फरसबी, भेंडी, बटाटे घालून मंद शिजवतात. ताटावर पाणी ठेवून तुम्हीही करून बघा. फरसबी तर झकास होते.

*आता तुकड्यांचा हिशेब*

भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाचं जगभर फार कौतुक झालं. १९५८ साली सुरू झालेल्या सात देशांच्या एका मोठ्या अभ्यासानंतर डॉक्टर मंडळी त्याकडे वळली आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्या आहारपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण ते जेवण मुळात गरिबीचं होतं. रोज डाळी-कडधान्यं, भाज्या, भाकरी, मांस कधीतरी. एका कोंबडीत सगळं घर भागवायचं, म्हणून मोठा तुकडा, भरपूर रस आणि पुढ्यात पाव. अशा जेवणात वाटणी नीट झाली नाही तर कोणीतरी उपाशी राहणार, हे ठरलेलंच. ते ‘कोणीतरी’ कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांसमोर अंधारी येते, केस गळतात, आणि आपण म्हणतो, “वय झालं.” पुष्कळदा वय नसतं हो, ते ताट असतं. एका रविवारच्या तुकड्याने हे भरून निघतं असं मी म्हणत नाही. कोंबडीत मटणाइतकं लोह नसतं, आणि रक्त तपासून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना तुकडा हा पर्यायही नाही. पण त्यातली प्रथिनं आपल्यालाही हवीत. कलेजीत लोह बरंच असतं. टोमॅटो आणि लिंबाच्या आंबटाने जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात आडवा येतो. तेव्हा चहा तासाभराने घ्या.

म्हणून या पदार्थाची एक युक्ती मला फार आवडते. तुकडे दहा, माणसं पाच: म्हणजे माणशी दोन. पातेल्यात बसवतानाच मोजून बसवा. एक मोठा तुकडा आणि एक छोटा, अशी प्रत्येकाची जोडी लावा. घरात आठ माणसं असतील तर दीड किलो घ्या आणि पुन्हा मोजा. मोजताना ‘बाकीचे चार आणि उरलं तर मी’ असं नाही. ‘आम्ही पाच’ असं. आणि पदार्थ तव्यावरून ताटात पडायचा नसल्यामुळे वाढायला कोणी उभं राहावं लागत नाही. भाकऱ्या तासभर आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवता येतात. पातेलंच मध्ये ठेवा आणि तुम्हीही पंगतीला बसा.

पहिल्या वेळी कोणी म्हणेलही, “आज तू आमच्याबरोबरच?” तेव्हा भाषण देऊ नका. नुसतं म्हणा, “हा पदार्थ गरम गरमच खायचा असतो.” ते खरंही आहे! कोणाची तंगडी काढून घेतली असं कोणालाही वाटत नाही, कारण मोजणी आधीच झालेली असते. दोन-तीन रविवार गेले की तीच रीत होते. आणि मुलीच्या, तशाच मुलाच्याही, डोळ्यांसमोर रीत बसली की ती पुढच्या घरात आपोआप जाते. आपल्याकडे ‘मला रस्साच आवडतो’ हे वाक्य असंच आईकडून लेकीकडे आलेलं आहे, नाही का?

झाकण ठेवल्यावर मिळणाऱ्या त्या पाऊण तासात काय करायचं, हे मात्र मी सांगणार नाही. त्या वेळात कपाट आवरायला घ्याल तर माझ्याशी गाठ आहे! पाय वर घेऊन बसा, ताटातलं पाणी आटत नाही ना एवढं मधून एकदा बघा, बास.

पुढच्या आठवड्यात मिठातल्या लिंबांची बरणी सविस्तर. तोवर ज्यांच्याकडे बरणी रिकामी आहे, त्यांनी पातळ सालीची डझनभर लिंबं आणून, धुऊन, अगदी कोरडी पुसून ठेवावीत. आणि रविवारी कोंबडी केलीत, तर कशी झाली हे कळवाच. पण त्याबरोबर तुमच्या ताटात कोणता तुकडा आला, तेही लिहा.